दांडगा ट्रक, घसरता गिअर

अमेरिकेत बोट, घोड्यांचा ट्रेलर वा शेतीची यंत्रे ओढणाऱ्या वजनदार पिक-अप ट्रकमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सर्रास आढळतो. २००१च्या शेव्हरोले सिल्व्हराडोत आलेले ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला पाच गतींचा अ‍ॅलिसन १००० हे त्याचे ठळक उदाहरण. इंजिन ३०० अश्वशक्तीचे, टॉर्क सुमारे ७०५ न्यूटन-मीटर. मूळ बांधणी भक्कमच. पण हौशी मालकांनी इंजिनाच्या संगणकात फेरफार करून टॉर्क वाढवला, की आतील क्लच घसरू लागतात.

'इंजिन रेस होते, पण गाडी ओढत नाही' एवढ्या तक्रारीवरून गिअरबॉक्स उतरवणे म्हणजे मालकाच्या खिशाला नाहक चाट. प्रथम तेल पाहावे. अ‍ॅलिसनमध्ये ते तापल्यावर, इंजिन चालू आणि गिअर 'पार्क'मध्ये ठेवून पातळी मोजतात. बंद इंजिनावरील माप फसवे ठरते. लाल तेल काळवंडून जळका वास येत असेल, तर क्लचचे अस्तर भाजले असे समजावे. तळपात्रातील चुंबकावर थोडा राखाडी लगदा असतोच. धातूचे टोकदार कण दिसले, तर मात्र गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

नंतर संगणकातील संकेत. पी०७०० ही नुसती वर्दी असते. खरा दोष ट्रान्समिशनच्या संगणकात वाचावा लागतो. पी०७३० म्हणजे गिअरचे गुणोत्तर जुळत नाही. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या वेगांचा मेळ बसला नाही, की संगणक गाडी एकाच गिअरमध्ये जखडून ठेवतो. चढावर, मागे ट्रेलर असताना असे झाले तर चालकाची पंचाईत होते. तथापि वेगमापक सेन्सरची वायर सैल असली तरी हाच संकेत उमटू शकतो. म्हणून आधी वायरी तपासाव्यात.

एकसमान वेगात गाडी थरथरत असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवून ब्रेक-पेडलला हलकेच स्पर्श करावा. त्यासरशी टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच सुटतो. थरथर थांबली, तर संशय त्याच क्लचवर. न थांबल्यास दोष इंजिनात वा प्रोपेलर शाफ्टमध्ये शोधावा.

निर्णायक साक्ष तेलाच्या दाबाची. दाब कमी असेल तर पंप, झडपा व फिल्टर पाहावेत; दाब पुरेसा असूनही घसरण होत असेल, तर क्लच झिजले आहेत. ते बदलताना ऑइल कूलर व त्याच्या नळ्या धुणे वा बदलणे अगत्याचे असते. तेथे अडकलेला कचरा अन्यथा नव्या क्लचमध्येच येऊन पोहोचतो.