खेळाडूंचें संघांतर

पक्षांतर हा शब्द राजकारणांत ज्या सुरांत उच्चारला जातो, जवळजवळ त्याच सुरांत आपल्याकडील क्रीडारसिक खेळाडूच्या संघांतराविषयीं बोलत असतात. ज्या मातींत वाढला ती सोडून तो परक्याच्या दारीं गेला, हा मुख्य आक्षेप. आणि राष्ट्रीय संघांत वर्णी लागावी एवढ्यासाठींच तो गेला असें कळलें, म्हणजे त्या आक्षेपास कृतघ्नतेच्या आरोपाचीहि जोड मिळते. हा आक्षेप कितपत टिकतो, संघ बदलल्यानें निवडीचा मार्ग खरोखर सुकर होतो काय, आणि होत असल्यास त्यांत दोष कोणाचा, या तीन प्रश्नांचा विचार क्रिकेटच्या इतिहासाच्या आधारें करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रश्न नीट ध्यानीं येण्यासाठीं नकाशावरील एक गांव डोळ्यांपुढें ठेवणें बरें. खानदेशांतील असोदा हें गांव जळगांवापासून थोड्याच अंतरावर आहे. बहिणाबाई चौधरी यांचें माहेर म्हणून महाराष्ट्रास तें ठाऊक आहे. १९३४-३५ सालीं रणजी स्पर्धा सुरू झाली, तेव्हां असोद्याच्या एखाद्या होतकरू मुलापुढें स्वाभाविक असें दार एकच होतें, आणि तें पुण्यास. मुंबईचा संघ स्वतंत्र, मध्यप्रांत-वऱ्हाडाचा स्वतंत्र, आणि देशावरील व खानदेशांतील मुलुखाचा जो संघ झाला त्याचें नांव ‘महाराष्ट्र’. महाराष्ट्र राज्य १९६० सालीं जन्मास आलें. क्रिकेटमधील महाराष्ट्र त्याहून पंचवीस वर्षांनीं वडील आहे, आणि खानदेश आजहि त्याच संघाच्या कक्षेंत मोडतो.

परंतु क्रिकेटचा नकाशा आणि आगगाडीचा नकाशा यांचा मेळ क्वचितच बसतो. पुण्यास जावयाचें तर जळगांवच्या मुलानें मनमाडावरून वळसा घ्यावा. उलट मुंबईचा लोहमार्ग त्याच्या दारावरून जातो, तापीच्या कांठची गाडी त्यास सुरतेकडे व तेथून बडोद्यास नेते, भुसावळ-खांडव्यावरून इंदूर गांठतां येतें, आणि मलकापूर आलें कीं वऱ्हाड सुरू होतो. म्हणजे असोद्याच्या भोंवतीं चारपांच संघ, आणि त्यांपैकीं त्याचा म्हणावा असा एकच. बडोद्यास गायकवाड व इंदुरास होळकर हे दोन मराठे संस्थानिक क्रिकेटचे भोक्ते. त्यांच्या पदरीं नोकरी होती, मैदान होतें, आणि संघहि होता. संघांतराचा आपल्याकडील इतिहास या दोन दरबारांपासून सुरू होतो.

या वाटेचे आद्य प्रवासी कर्नल सी. के. नायडू होत. त्यांचा जन्म नागपुरास १८९५ सालीं झाला, आणि १९२३ सालीं तुकोजीराव होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदुरास गेले. होळकरांच्या सैन्यांत त्यांस हुद्दा मिळाला. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. नायडू इंदुरास गेले तेव्हां निवड होण्यासारखा राष्ट्रीय संघच अस्तित्वांत नव्हता. नियामक मंडळ १९२८ सालीं स्थापन झालें, आणि पहिला कसोटी सामना लॉर्ड्सच्या मैदानावर १९३२ च्या जूनमध्यें झाला. त्या सामन्यांत नायडू भारताचे पहिले कर्णधार झाले खरे. पण दौऱ्याचे नेते पोरबंदरचे महाराज स्वतः बाजूस राहिले व उपनेते लिंबडीचे राजपुत्र जायबंदी झाले, म्हणून ती माळ त्यांच्या गळ्यांत पडली. त्यांची कीर्ति होळकरांच्या आश्रयामुळें झाली, असेंहि म्हणतां येत नाहीं. १९२६ च्या डिसेंबरांत मुंबईच्या जिमखान्यावर गिलिगनच्या इंग्रज संघाविरुद्ध त्यांनीं अकरा षटकारांसह ज्या १५३ धांवा काढल्या, त्या हिंदूंच्या संघाकडून. आश्रयानें त्यांना पोटाच्या विवंचनेंतून मोकळें केलें. बॅट त्यांची स्वतःची होती.

तथापि राष्ट्रीय निवड सुरू झाल्यावर संघांतरास एक नवें कारण मिळालें, आणि तें स्पर्धेच्या रचनेंतच दडलेलें होतें. १९५६-५७ पर्यंत रणजी स्पर्धा बाद पद्धतीनें खेळली जाई. पहिल्याच सामन्यांत हरलेल्या संघाचें वर्ष तेथेंच संपे. दुर्बळ संघांतील उत्तम फलंदाजास अशा रीतीनें वर्षाकांठीं एक सामना, फार तर दोन डाव, एवढेंच मिळावयाचें; त्यांत एकदां चेंडू खालीं राहिला व दुसऱ्यांदा पंचाचा हात वर गेला, कीं पुढल्या हिवाळ्यापर्यंत त्याचें नांव कोणी घेत नसे. उलट होळकरांचा संघ १९४४-४५ पासून अकरा वर्षांत दहा वेळां अंतिम सामन्यास पोंचला व चार वेळां विजयी झाला. तेथील खेळाडूस दर वर्षीं चार सामने तरी मिळत, आणि तेहि ज्या सामन्यांकडे साऱ्या देशाचें लक्ष असे असे. एकाच योग्यतेचे दोघे खेळाडू. एक चारदां दिसतो, दुसरा एकदां. निवड-समिति कितीहि निःपक्षपाती असली तरी न पाहिलेल्या खेळाडूस ती कशी निवडणार? विभागवार साखळी सामने १९५७-५८ पासून सुरू झाले, तेव्हां हा अन्याय पुष्कळ अंशीं कमी झाला.

आतां विजय हजारे यांचें उदाहरण घेऊं. सांगलीस १९१५ सालीं जन्मलेल्या या फलंदाजानें १९३९-४० सालीं पुण्यास महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धांवा केल्या, आणि त्या कोणाविरुद्ध? तर बडोद्याविरुद्ध. पुढें दोनच वर्षांत हजारे त्याच बडोद्याकडून खेळूं लागले. यास कोणी महत्त्वाकांक्षा म्हणेल; पण तारखा पाहिल्या म्हणजे ती कल्पना सोडून द्यावी लागते. १९३६ नंतर महायुद्धामुळें भारताचा कसोटी सामना झाला तो थेट १९४६ सालीं. जो संघ मैदानावर उतरतच नव्हता त्यांत स्थान मिळावें म्हणून १९४१ सालीं कोण गांव बदलील? हजारे गेले ते स्वस्थ चित्तानें खेळतां यावें म्हणून. पुढें १९४८ सालीं ॲडलेडच्या एकाच कसोटींत त्यांनीं दोन शतकें काढलीं, आणि १९५२ सालीं मद्रासेस भारतानें कसोटींतील आपला पहिला विजय मिळविला तो त्यांच्या नेतृत्वाखालीं.

१९४६-४७ चा अंतिम सामना या काळाचें उत्तम चित्र आहे. बडोदें विरुद्ध होळकर. बडोद्याकडून हजाऱ्यांनीं २८८ व गुल महंमदांनीं ३१९ धांवा करून चौथ्या जोडीस ५७७ धांवांची भर घातली. पलीकडे होळकरांच्या संघांत नागपूरचे नायडू, आणि सागरास जन्मून मध्यप्रांत, महाराष्ट्र व मुंबई अशा तीन संघांतून इंदुरास आलेले चंदू सरवटे. सरवटे १९४६ सालीं इंग्लंडास गेले, व तेथें सरेविरुद्ध शेवटच्या जोडीस शुटे बॅनर्जींसह २४९ धांवांची भर घालून त्यांनीं इंग्रज प्रेक्षकांस थक्क केलें. त्या अंतिम सामन्यांतून ‘बाहेरचे’ वगळले असते, तर पाहण्यासारखें काय उरलें असतें?

येथवर वाचून वाचकांचा असा ग्रह होईल कीं, जो गेला त्याचें भलें झालें. पण इतिहास इतका सरळ नाहीं. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास त्यांनीं महाराष्ट्राकडून काठेवाडाविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडण्यास अवघ्या दहा धांवा हव्या होत्या. तोंच प्रतिपक्षाचे नेते राजकोटचे ठाकूरसाहेब यांनीं सामना सोडून दिला. निंबाळकर आपल्या दीर्घ कारकीर्दींत महाराष्ट्र, बडोदें, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा कितीतरी संघांकडून खेळले. कसोटी सामना मात्र त्यांच्या नशिबीं आला नाहीं. दुसऱ्या बाजूस प्रो. दि. ब. देवधर. पुणें न सोडतां, संस्कृतचें अध्यापन करीत त्यांनीं १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षें महाराष्ट्रास रणजी करंडक मिळवून दिला. त्यांनाहि कसोटी खेळावयास मिळाली नाहीं, कारण भारतास कसोटीचा अधिकार मिळाला तेव्हां त्यांनीं चाळिशी गांठली होती. एक फिरला, दुसरा स्थिर राहिला. दोघांचीहि झोळी त्या बाबतींत रिकामीच राहिली.

संस्थानें विलीन झालीं आणि आश्रयाचें हें युग संपलें. १९५४-५५ नंतर होळकर हें नांवहि स्पर्धेंतून गेलें. दरबारांची जागा रेल्वे, बँका आणि मुंबईच्या गिरण्या-कंपन्या यांनीं घेतली. पगाराच्या मागें जाणारा खेळाडू आतां मुंबईकडे वळूं लागला. १९५८-५९ पासून मुंबईनें सलग पंधरा वर्षें रणजी करंडक आपल्याकडे ठेवला, आणि मग संघांतराची दिशाच उलटली. पूर्वी दुर्बळ संघांतील गुणी माणूस सबळ संघाकडे जात असे. आतां सबळ संघांत दाटी झाल्यामुळें गुणी माणसास बाहेरची वाट धुंडाळावी लागूं लागली. पद्माकर शिवलकर मुंबईसच राहिले, प्रथम श्रेणींत ५८९ बळी घेतले, पण बिशनसिंग बेदी असेपर्यंत डाव्या हाताच्या दुसऱ्या फिरकी गोलंदाजास भारताच्या संघांत जागा नव्हती. राजिंदर गोयल दिल्लीहून हरियाणाकडे गेले, रणजींत ६३७ बळींचा विक्रम त्यांनीं केला. तेहि बेदींच्याच छायेंत राहिले. अमोल मुजुमदार यांनीं १९९३-९४ सालीं मुंबईकडून पदार्पणांतच २६० धांवा केल्या. तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्यापुढें त्यांना वाव मिळाला नाहीं. २००९ सालीं ते आसामकडे व पुढें आंध्राकडे गेले, एकूण ११,१६७ धांवा केल्या, आणि कसोटीवांचून निवृत्त झाले. वरची जागा भरलेली असली, म्हणजे खालचें घर बदलून उपयोग होत नाहीं, हा या तिघांच्या कहाणीचा अर्थ.

मग संघांतरानें निवडीचें दार कधींच उघडत नाहीं काय? उघडतें, आणि अलीकडचें उदाहरण शेजारच्या विदर्भाचेंच आहे. करुण नायर यांनीं २०१६ सालीं चेन्नईस इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धांवा केल्या, आणि थोड्याच महिन्यांत ते भारताच्या संघांतून गेले. पुढें कर्नाटकाच्या संघांतहि जागा राहिली नाहीं, तेव्हां २०२३ सालीं ते विदर्भाकडे आले. २०२४-२५ सालीं विदर्भानें रणजी करंडक जिंकला त्यांत नायरांचा वाटा मोठा होता. आणि २०२५ च्या जूनमध्यें, आठ वर्षांनंतर, ते लीड्सच्या मैदानावर पुन्हां भारताकडून उतरले. येथें विदर्भानें त्यांस निवड दिली नाहीं; खेळण्याची जागा दिली. निवड त्या धांवांनीं आणली. विदर्भाचाहि यांत तोटा झाला नाहीं. मुंबईचे वसीम जाफर त्या संघांत आल्यावर २०१७-१८ व २०१८-१९ असा दोनदां करंडक नागपुरास गेला होता, आणि त्यांच्याबरोबर खेळून तेथील तरुणांनीं विद्या घेतली.

इतर देशांतहि हाच प्रश्न निराळ्या वेषांत दिसतो. रग्बी हा खेळ १९९५ पर्यंत अधिकृतपणें हौशी होता. तो धंदेवाईक झाल्यावर वेल्समधील खेळाडू अधिक पैशांसाठीं इंग्लंड-फ्रान्सकडे जाऊं लागले. तेव्हां वेल्सनें २०१७ सालीं नियम केला कीं, ज्यानें देशातर्फे साठ सामने खेळले नाहींत त्यानें परदेशीं संघ धरल्यास राष्ट्रीय निवडीचा हक्क गमवावा. ही अट २०२३ सालीं पंचवीस सामन्यांवर आणावी लागली. न्यूझीलंडचा परिपाठ याहून कडक. परदेशीं खेळणारा राष्ट्रीय संघास मुकतो. म्हणून तेथील खेळाडू निवडीच्या आशेनें कमी पगारावर मायदेशच्या संघाकडे परत येतात. आपल्याकडे निवडीसाठीं घर सोडावें लागतें. तिकडे निवडीसाठीं घरीं यावें लागतें. दोन्हीकडे खेळाडूची चाल एकच असते: निवडणाराची नजर जेथें पडते तेथें जाऊन उभें राहणें.

आमच्या मतें या प्रश्नाचें मर्म नजर या एका शब्दांत आहे. बहिणाबाईंचें निधन १९५१ सालीं झालें, आणि त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें जगापुढें आलीं तीं १९५२ सालीं, पुत्र सोपानदेव यांनीं तीं आचार्य अत्र्यांस दाखविल्यावर. गाणीं तींच होतीं. पाहणारा डोळा नंतर आला. काव्यास असा विलंब सोसतो, तें कागदावर टिकतें. खेळाडूचीं हातपाय चालण्याचीं वर्षें मात्र पंधरा-वीस. तेवढ्यांत कोणी पाहिलें तर पाहिलें.

म्हणून संघ बदलणाऱ्यास दूषण देण्यापूर्वीं, ज्या संघांतून तो गेला त्या संघानें त्यास किती सामने दिले, हें विचारणें न्यायाचें होईल. मातृसंस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्रावांचून आज खेळाडूस दुसरीकडे जातां येत नाहीं, आणि बाहेरच्यांच्या संख्येसहि मर्यादा आहे. हे निर्बंध आम्हांस मान्य आहेत. कारण ते नसतील तर श्रीमंत संघ तयार माणसें विकत घेतील, आणि स्वतःच्या जिल्ह्यांत मैदानें तयार करण्याचे कष्ट कोणी घेणार नाहीं. पण निर्बंध खेळाडूवर असावा तसा संस्थेवरहि असावा. ज्या संस्थेनें खानदेशास आपल्या कक्षेंत धरलें आहे, तिनें जळगांव-धुळ्यास सामने भरवावेत, निवडणाऱ्यांस तेथवर पाठवावें, आणि पुण्याबाहेरच्या मुलाच्या धांवा पुण्यांतल्या मुलाच्या धांवांइतक्याच मोजाव्यात. हें झालें तर असोद्याचा मुलगा बडोद्याची किंवा नागपूरची गाडी धरील ती स्वखुषीनें धरील. न झालें तर ती त्यास धरावीच लागेल, आणि मग त्यास कृतघ्न म्हणण्याचा अधिकार कोणासहि राहणार नाहीं.