हापूस आणि हार्ले

थंडीच्या दिवसांत सुट्टीच्या सकाळी मस्कतच्या रस्त्यांवरून जाड टायरच्या, चकचकीत मोटारसायकलींची रांग धडधडत जाताना दिसते. आपली मुले आवाजावरूनच ओळखतात, "बाबा, हार्ले!" या अमेरिकन फटफटीचा आणि आपल्या कोकणच्या हापूसचा जवळचा संबंध आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

अमेरिकेतील मिल्वॉकी गावी १९०३ साली विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन या विशीतल्या मित्रांनी एका लाकडी शेडमध्ये हा उद्योग सुरू केला. पुढे आर्थरचे दोघे भाऊही आले. त्यांच्या इंजिनात दोन सिलिंडर ४५ अंशांच्या कोनात बसवलेले असतात. त्यांतले स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, म्हणून तो अडखळता, घोड्याच्या दुडक्या चालीसारखा आवाज येतो. दुसऱ्या महायुद्धात कंपनीने सैन्यासाठी सुमारे ९० हजार गाड्या बनवल्या. युद्धानंतर मोडीत निघालेल्या अशा गाड्यांना मागे बाके जोडून दिल्लीत कॅनॉट प्लेस ते चांदनी चौक वाहतूक चाले. त्या 'फटफटी' १९९८ पर्यंत धावत होत्या.

घरच्या बाजारात मात्र जपानी गाड्यांनी कंपनीला जेरीस आणले. १९६९ साली कंपनी दुसऱ्या उद्योगाच्या ताब्यात गेली, मालाचा दर्जा घसरला. १९८१ साली १३ अधिकाऱ्यांनी कर्ज काढून ती परत विकत घेतली. त्यांच्या मागणीवरून रेगन सरकारने १९८३ मध्ये मोठ्या परदेशी मोटारसायकलींवरील जकात ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेली. त्या आडोशाला कारखाना सुधारला आणि १९८७ मध्ये मुदतीआधीच "आता जकात नको" असे कंपनीनेच सांगितले.

भारतात याच कंपनीला उलट अनुभव आला. आपल्याकडे तेव्हा अशा गाड्यांवर ६० टक्के मूळ जकात होती, वर इतर कर. शिवाय मोठ्या इंजिनांच्या धुराबाबतच्या नियमांची अडचण होती. इकडे आपला हापूसही अमेरिकेच्या दाराबाहेर उभा होता. कोयीतल्या भुंग्याच्या आणि फळमाशीच्या भीतीने अमेरिकेने सुमारे दोन दशके भारतीय आंबा घेतला नव्हता. मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीस आले तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र चर्चेस आल्या. एप्रिल २००७ मध्ये भारताने ८०० सीसी व त्यावरील गाड्यांना युरो-३ नियमानुसार प्रवेश मान्य केला, आणि त्याच महिन्यात हापूस व केसरच्या पेट्या अमेरिकेस रवाना झाल्या. त्यांवर किरणप्रक्रिया झाली नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले केंद्र आंब्याच्या कामी आले!

पण दार उघडले तरी उंबरठा उंचच राहिला. जकात कमी न झाल्याने कंपनीने २०११ मध्ये हरियाणात बावल येथे जुळणीचा कारखाना काढला. तरीही खप बेताचाच राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये तिने तो बंद करण्याचे जाहीर केले आणि महिन्याभरात हिरो कंपनीशी करार केला. २०२३ मध्ये आलेली ४४० सीसीची हार्ले हिरोच्याच कारखान्यात तयार झाली. आंब्याची वाटही सोपी नव्हती. अमेरिकन निरीक्षक हजर असल्याशिवाय माल हलत नाही आणि त्यांचा खर्च आपल्याच बाजूवर पडतो. कोरोनामुळे निरीक्षक येऊ शकले नाहीत, तेव्हा २०२० व २०२१ हे दोन्ही हंगाम वाया गेले. २०२२ मध्ये निर्यात पुन्हा सुरू झाली.

ओमान आणि अमेरिका यांच्यात १ जानेवारी २००९ पासून मुक्त व्यापार करार आहे. त्यामुळे अमेरिकेत बनलेल्या गाडीला इथे जकातीची भिंत आड येत नाही. हापूसला तर इथे यायला अमेरिकन निरीक्षकाची सही लागत नाही. रुवीत पेटी हाताशी मिळते म्हणून आपल्याला त्याचे अप्रूप वाटत नाही, इतकेच.

मोठ्या कंपनीला बाजार बंद झाला तर ती नवा भागीदार शोधते. रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराचा आंबा मात्र दोन आठवडेही थांबत नाही. म्हणून सौद्यात दार उघडले एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. ते कोणाला किती परवडते, हेही पाहावे लागते. यंदा पेटी फोडाल तेव्हा मुलांना ही हकिकत जरूर सांगा.