मुंबईतील सार्वजनिक चाळी आणि भाडेकरूंचे हक्क

मुंबईतील भाडेकरूंच्या हक्कांचा इतिहास बहुधा खासगी घरमालकाशी झालेल्या झगड्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ज्यांचे घरमालक सरकार अथवा नगरपालिका होती, अशा भाडेकरूंची स्थिती मात्र निराळी होती.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या मोडून रस्ते काढणे हे त्याचे प्रमुख कार्य. त्याचबरोबर कामकरी वर्गासाठी त्याने चाळीही बांधल्या. १९३३ मध्ये ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला व त्या चाळींची मालकी पालिकेकडे आली. दरम्यान, १९२० साली निघालेल्या सरकारी डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या होत्या.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस प्रमाणित भाड्याचे संरक्षण दिले. ते भाडे देण्यास तो तयार असेल व इतर अटी पाळीत असेल, तोवर त्यास घराबाहेर काढता येत नसे. दुरुस्तीची जबाबदारी मालकावर होती. परंतु याच कायद्याच्या चौथ्या कलमाने सरकार व स्थानिक संस्था यांच्या मालकीच्या जागा वगळल्या. परिणामी, शेजारशेजारच्या दोन चाळींतील रहिवाशांना केवळ मालक वेगळा म्हणून वेगळा न्याय लागू झाला.

मुंबई गृहनिर्माण मंडळास मिळालेल्या अशाच सवलतीस आव्हान दिले गेले, तेव्हा १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. सार्वजनिक मालक नफेखोरीच्या हेतूने वागणार नाही, हे या भेदामागील गृहीत होते.

भाडेकरूची कर्तव्ये मात्र गृहीतावर सोडली गेली नाहीत. १९६१ मध्ये महानगरपालिका अधिनियमात घातलेल्या प्रकरणानुसार दोन महिन्यांहून अधिक भाडे थकविणे, परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, जागेची नासधूस करणे किंवा अटींचा भंग करणे, या कारणांवरून आयुक्तांस जागा खाली करवून घेता येऊ लागली. त्यापूर्वी नोटीस देणे व म्हणणे ऐकून घेणे आवश्यक होते. पुढे नगर दिवाणी न्यायालयात अपिलाची सोय होती. ही संक्षिप्त पद्धती १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनासंमत मानली.

१९८९ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात मात्र त्या गृहीतास नवा अर्थ लाभला. भाडेकायद्यातून सूट मिळालेल्या सार्वजनिक मालकाने मनमानी करता कामा नये. त्याचे वर्तन वाजवी व लोकहिताचे असले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. त्या खटल्यातील भाडेकरू हरला, तरी तत्त्व प्रस्थापित झाले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमानेही ही सूट कायम ठेवली.

तात्पर्य, सार्वजनिक चाळीतील भाडेकरूची कर्तव्ये कायद्यात कलमवार लिहिली गेली. त्याचे हक्क मात्र मालकाच्या सद्‌बुद्धीविषयीच्या विश्वासावर सोपविले गेले. त्या विश्वासाचे मालकावरील बंधनात रूपांतर होण्यास १९४७ पासून चार दशके लागली.