तव्याची दोन घराणी

येवल्याच्या आठवडे बाजारात पैठणी शोधू नये, ती दुकानात काचेआड असते. बाजारात पोत्यावर मांडलेली असतात खुरपी, विळे, उलथणी आणि तवे. तवा घेणारी बाई तो आधी पालथा करते, पाठीवरून बोट फिरवते आणि पेरानं टकटक वाजवून बघते. पाठीवर हातोड्याचे बारीक खळगे लागले की तिचं समाधान होतं. "बिडाचा नको, भाकरीचा दे," एवढंच ती म्हणते. तव्याची सगळी कुळकथा या एका वाक्यात आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरात तव्याची घराणी दोन आहेत: एक घडीव, दुसरं ओतीव.

नाव मात्र दोघांचं एकच. 'तवा' हा 'तप्' म्हणजे तापणे या धातूच्या कुळातला. फारसीत त्याचा भाऊबंद 'ताबा' आहे, आणि तुर्कस्तानात आजही तळण्याच्या पसरट भांड्याला 'तावा' म्हणतात. वस्तू म्हणून तव्याचा पूर्वज मातीचा. येवल्याहून मालेगाव ओलांडून खानदेशात उतरलं की मांडे अजून खापरावरच भाजलेले मिळतात.

लोखंड त्यानंतरचं. नागपूरजवळ नायकुंड इथल्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची. पण लोखंड वितळतं १,५३८ अंश सेल्सिअसला, आणि कोळशाच्या त्या छोट्या भट्ट्यांना तेवढी धग झेपत नसे. त्यांतून निघे स्पंजासारखा सच्छिद्र गोळा. तो लाल असताना ठोकून ठोकून त्यातली मळी काढायची. 'लोखंड' हा शब्द 'लोहखंड'वरून आला, म्हणजे शब्दातही धातूचा तुकडाच आहे, रस नाही. म्हणून आपल्याकडे शतकानुशतकं तवा, कढई, विळा, जे काही लोखंडाचं झालं, ते घणाखालून झालं.

हा घण गावोगाव नेला घिसाड्यांनी. गावाबाहेर पाल ठोकायचं, जमिनीत खड्डा करून भाता लावायचा, पुरुषानं सांडशीत लोखंड धरायचं आणि बाईनं घण घालायचा. हे दृश्य महाराष्ट्रात अजून दिसतं. तापलेलं लोखंड थांबत नाही, निवायच्या आत घाव पडले पाहिजेत. 'घिसाडघाई' हा शब्द त्यातूनच आला म्हणतात. आपण तो उतावळेपणासाठी वापरतो, पण घिसाड्याची ती घाई कसबाची होती.

दुसरं घराणं बिडाचं. हे बीड म्हणजे जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. लोखंडात दोन ते चार टक्के कार्बन मुरला की ते १,२०० अंशांच्या आसपासच वितळतं आणि वाळूच्या साच्यात पाण्यासारखं ओतता येतं. चीनला ही विद्या अडीच हजार वर्षांपूर्वी साधली होती. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीनं वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं ते १७०७ साली. आपल्याकडे ओतकामाला मराठी ओळख दिली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर बाजारात आणला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळून नांगर झाले. पुढे कोल्हापूर परिसर देशातल्या मोठ्या ओतकाम केंद्रांपैकी एक झाला.

मग बाजारातली ती बाई बिडाचा तवा का नाकारते? बीड कडक पण ठिसूळ. घडीव तवा हातातून पडला तर पोचतो, बिडाचा तडकतो. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं तरी तीच गत, आणि भाकरीला तर पाण्याचा हात फिरवल्याशिवाय चालत नाही. शिवाय येवल्याकडची चूल तुराट्या-पऱ्हाट्यांवर पेटे. हा जाळ भडकतो आणि लगेच बसतो. पातळ घडीव तवा त्याच्याबरोबर तापतो. जाड बिडाला तापायला वेळ लागतो, पण एकदा तापलं की गार पीठ ओतलं तरी ते दबत नाही. म्हणून घावन, आंबोळी, डोसा बिडावरच जमतो. हा मान-अपमानाचा प्रश्न नाही, पदार्थाचा आहे.

निगाही त्याच हिशेबानं. भाकरीच्या तव्याला तेल लागत नाही. जळकं पीठ फडक्यानं झटकावं, धुतलाच तर लगेच चुलीवर कोरडा करावा. बिडाच्या तव्याला मात्र तेलाची सवय लावावी लागते. नवा तवा धुऊन विस्तवावर सुकवावा, चिंधीनं तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, जास्तीचं पुसून टाकावं आणि धूर येईपर्यंत तापवावा. असं चार-सहा वेळा करावं. जवसाचं तेल लावलेलं लाकडी दार वाळून जसं टणक होतं, तसंच इथं होतं: तापलेल्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून कडक काळा पापुद्रा धरतो. घावन सुटतं ते या पापुद्र्यामुळे. तेल पसरायला अर्धा कांदा घेतात, तो उत्तम. पण चिंच, आमसूल, टोमॅटो यांची आमटी त्यात शिजवू नये, आंबटानं पापुद्रा उतरतो. तवा रात्रभर ओला ठेवला की सकाळी गंज ठरलेला. तो आला तरी तवा टाकू नये. घासून पुन्हा तेल द्यावं.

हल्ली 'आजीचा पारंपरिक तवा' म्हणून सरसकट बिडाचा तवा विकला जातो. कोकणातल्या आजीपुरतं ते खरं असेल. भाकरीच्या मुलखातल्या आजीचा तवा घडीव होता. तेव्हा तवा घेताना आधी तो पालथा करून पाहा आणि त्यावर काय भाजणार ते ठरवा. घराणं त्यावरून आपोआप ठरेल.