रानड्यांच्या मनातला खटला

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या दुसऱ्या विवाहाविषयी आपल्याकडे दोन तऱ्हांनी बोलले जाते. त्यांचे भक्त तो प्रसंग दोन ओळींत उरकतात, तर टीकाकार त्या एकाच प्रसंगावरून सगळ्या माणसाला दोषी ठरवून मोकळे होतात. मला यापेक्षा वेगळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या तत्त्वाविरुद्ध वागल्यानंतर पुढची सत्तावीस वर्षे या माणसाने मनातल्या त्या भांडणाचे काय केले?

आधी हकीकत पाहू. रानडे विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते होते. १८६९ साली मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने झालेल्या पुनर्विवाहाला त्यांचा पाठिंबा होता. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. मुलगा आता विधवेशी लग्न करील या धास्तीने वडिलांनी घाईघाईने मुलगी पाहिली. रानड्यांनी विरोध केला, पण वडिलांनी संबंध तोडण्याची भाषा केली तेव्हा ते नमले. ते एकतीस वर्षांचे होते आणि रमाबाई अकरा वर्षांच्या. पुढच्याच वर्षी विष्णुशास्त्र्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला. त्यामुळे त्या काळी दुसरे काही शक्यच नव्हते, हा बचाव टिकत नाही.

यानंतरचे रानडे आपल्याला दिसतात ते मुख्यतः रमाबाईंच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात. रानड्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. ते पुस्तक मी अनेकदा वाचले, आणि दर वेळी एकच गोष्ट ठळक होत गेली. या माणसाने मनाचा कोंडमारा कधी शब्दांत मोकळा केला नाही. तो सतत कुठल्यातरी कामाकडे वळवला.

लग्न होताच त्यांनी रमाबाईंना अक्षरओळख करून द्यायला सुरुवात केली. हातून झालेली चूक पुसता येत नव्हती. निदान ती मुलगी अडाणी राहू नये, एवढे हाती होते. पुढे मराठी झाले, मग इंग्रजी. सरकारच्या बाबतीतही हेच दिसते. १८७९ साली वासुदेव बळवंतांचे बंड आणि पुण्यातल्या आगी यांमुळे सरकारचा संशय त्यांच्यावर गेला. त्यांची धुळ्याला बदली झाली, तिथे त्यांच्या टपालावर पाळत होती. त्यांनी कांगावा केला नाही, राजीनामा दिला नाही, कचेरीचे काम चोख ठेवले. पहाटे उठून तुकोबांचे अभंग म्हणणे हा त्यांचा रोजचा नेम होता. जिभेवर ताबा राहावा म्हणून आवडीचा आंबाही ते बेताने खात. मन आवरण्याची ही रोजची तालीमच होती, असे मी म्हणेन.

इथवर सारे कौतुकास्पद आहे. पण याच पुस्तकात त्याची दुसरी बाजूही आहे. रमाबाई इंग्रजी शिकतात म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांचा छळ मांडला. रानडे त्या बायकांना काही बोलले नाहीत. उलट बायकोलाच सोसण्याचा सल्ला देत राहिले. सुधारणा नवऱ्याची होती, आणि तिचे टोमणे रोज स्वयंपाकघरात झेलत होती एक मुलगी. वडिलांपुढे गप्प राहण्याची १८७३ची रीतच इथे नव्या जागी चालू राहिली.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून मोठे ग्रामण्य उभे राहिले. रानड्यांना त्या चहात पाप वाटत नव्हते, तरी १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. घरच्यांच्या दबावाने पेचात सापडलेल्या मित्राची त्यामुळे सुटका झाली. रमाबाईंना मात्र ते रुचले नाही. लोक हसतील, विरोधकांना आयते कोलीत मिळेल, हे त्यांना दिसत होते आणि तसेच झाले.

हे दोन प्रसंग मी शेजारी ठेवतो तेव्हा त्यांतला फरकही दिसतो. १८९२ साली रानड्यांनी मित्रासाठी स्वतःचा लौकिक पणाला लावला, आणि त्याची किंमत मुख्यतः त्यांनीच मोजली. १८७३ साली वडिलांचे मन राखण्याची किंमत दुसऱ्याच्या पदरात पडली, आणि त्या दुसऱ्या व्यक्तीला कुणी विचारलेही नव्हते. दोन्हींना आपण ‘तडजोड’ हा एकच शब्द वापरतो, म्हणून घोटाळा होतो.

मनातला संघर्ष सोसणे वेगळे आणि तो मिटवणे वेगळे. रानड्यांनी तो मिटवला नाही, पण त्याचे विषही होऊ दिले नाही. कडवटपणा त्यांच्या लेखनात शोधून सापडत नाही. त्यांचे हे सामर्थ्य मी निःसंकोच मान्य करतो. मात्र त्यांच्या संयमाचा हिशेब मांडताना त्यात रमाबाईंचे नाव खर्चाच्या बाजूला लिहायला हवे. नवऱ्यामागे याच बाईने पुण्यात सेवासदन उभे केले आणि घरातला तो सासुरवास न लपवता छापला. त्यांनी नवऱ्याला दोषही दिला नाही आणि त्याचे गप्प राहणे झाकलेही नाही. रानड्यांच्या मनातल्या खटल्यात इतकी प्रामाणिक साक्ष दुसऱ्या कुणाची नाही.