घरी न जाऊ इच्छिणारे युद्धकैदी : कोरिया, १९५३ आणि भारतीय जवान

१.
सप्टेंबर १९५३. कोरियातील युद्ध थांबून दोन महिने होत आले होते. पानमुनजोमजवळच्या निर्लष्करी पट्ट्यात काटेरी तारांच्या कुंपणाआड २२,६०४ युद्धकैदी होते. त्यांच्यावर पहारा देणारे सैनिक त्या युद्धात कोणाच्याही बाजूने लढलेले नव्हते. ते भारतीय होते आणि त्यांचे सेनानी होते मेजर जनरल शंकरराव थोरात. (धागा)

२.
या कैद्यांची अडचण विलक्षण होती. शत्रू त्यांना सोडायला तयार होता. त्यांचे स्वतःचे देश, चीन आणि उत्तर कोरिया, त्यांना परत मागत होते. घरी जायला नकार देत होते ते कैदीच. निदान कागदावर तरी तसे नोंदलेले होते. तो नकार किती खरा होता, हे ठरवण्याची जबाबदारी भारताच्या वाट्याला आली.

३.
प्रश्नाचे मूळ १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात आहे. त्याचे कलम ११८ सांगते की प्रत्यक्ष लढाई थांबताच युद्धकैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवावे. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी सैनिक वर्षानुवर्षे शत्रूच्या छावण्यांत राबत राहिले होते. तसे पुन्हा घडू नये, म्हणून हे वाक्य इतके निःसंदिग्ध लिहिले गेले.

४.
परंतु त्याच महायुद्धाने दुसरा धडाही दिला होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे झालेल्या समझोत्यानुसार ब्रिटन-अमेरिकेने जर्मनांच्या हातून सुटलेल्या सोव्हिएत नागरिकांना परत पाठवले. त्यांत जायला तयार नसलेलेही होते आणि त्यांना बळाने पाठवण्यात आले. शत्रूच्या हाती सापडणे हाच स्टालिनच्या राज्यात गुन्हा होता. परतलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला श्रमछावण्या आल्या, काहींच्या वाट्याला मृत्युदंड.

५.
म्हणूनच १९४९ च्या जिनिव्हा परिषदेत ऑस्ट्रियाच्या प्रतिनिधीने एक दुरुस्ती सुचवली होती : कैद्याला हवे असल्यास अन्य देशात जाण्याची मुभा असावी. सोव्हिएत प्रतिनिधीने तिला विरोध केला. लक्षणीय गोष्ट अशी, की अमेरिकेच्या प्रतिनिधीनेही सोव्हिएत प्रतिनिधीचीच री ओढली. दुरुस्ती फेटाळली गेली. कैद्याच्या मर्जीला करारात जागा मिळाली नाही.

६.
पुढच्याच वर्षी, २५ जून १९५० रोजी, कोरियात युद्ध पेटले. त्या वेळी अमेरिका, चीन आणि उत्तर कोरिया यांपैकी कोणीही हा नवा करार अधिकृतपणे मंजूर केलेला नव्हता. तरीही त्यातील तत्त्वे पाळण्याची ग्वाही दोन्ही पक्षांनी दिली. प्रत्यक्षात उत्तरेकडील छावण्यांत रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीला पाऊल ठेवू दिले गेले नाही. तेथे उपासमार, रोगराई आणि थंडी यांनी कैद्यांचा फडशा पाडला. पकडल्या गेलेल्या ७ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे २,७०० कैदेतच मरण पावले.

७.
दक्षिणेकडील छावण्यांची कथा निराळी होती. तेथे अन्न होते, औषधे होती, रेडक्रॉसचे निरीक्षकही येत. मात्र कोजे बेटावरील अवाढव्य छावणीत कुंपणाच्या आतली सत्ता पहारेकऱ्यांच्या हाती उरली नव्हती. काही बराकींवर कट्टर साम्यवाद्यांचे राज्य होते, काहींवर कट्टर साम्यवादविरोधकांचे. रात्री ‘न्यायालये’ भरत, मारहाण होई, खून पडत. अनेक चिनी कैद्यांच्या अंगावर साम्यवादविरोधी घोषणा गोंदल्या गेल्या. असे गोंदण घेऊन चीनला परतणे म्हणजे स्वतःच्या अपराधाचा दाखला कातडीवर वागवणे.

८.
हे कैदी एका साच्याचे नव्हते. चिनी सैन्यात असे असंख्य शिपाई होते, जे काही वर्षांपूर्वी च्यांग कै-शेकच्या राष्ट्रवादी फौजेत होते आणि यादवी युद्धातील पराभवानंतर साम्यवादी सैन्यात सामील करून घेतले गेले होते. उत्तर कोरियाच्या गणवेशात सापडलेल्यांपैकी अनेक जण मूळचे दक्षिणेचे होते. त्यांना बळजबरीने भरती करण्यात आले होते. ‘मायदेशी पाठवा’ असे कायदा म्हणतो. पण ज्याचा देशच दोन तुकड्यांत विभागला आहे, त्याचा मायदेश कोणता?

९.
युद्धविरामाची बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली. डिसेंबरमध्ये कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण झाली : संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात १,३२,४७४, तर उत्तरेच्या ताब्यात ११,५५९. त्यानंतर एप्रिल १९५२ मध्ये दक्षिणेकडील छावण्यांत कैद्यांना विचारणा करण्यात आली. परत जायला तयार असलेल्यांचा आकडा सुमारे ७० हजार निघाला. चीन आणि उत्तर कोरियाने तो साफ नाकारला.

१०.
येथे दोन्ही बाजूंची भूमिका समजून घेणे आवश्यक आहे. कराराच्या शब्दांवर बोट ठेवले, तर चीनचे म्हणणे बरोबर होते. कलम ११८ मध्ये ‘इच्छुक असल्यास’ अशी अट नाही. कलम ७ तर असेही सांगते की कैद्याला आपले हक्क स्वतः होऊनही सोडता येत नाहीत, कारण तुरुंगात दिलेली संमती दडपणाखालील असू शकते. उलट अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांचा आग्रह होता की माणसांना कत्तलीच्या किंवा गुलामगिरीच्या तोंडी देऊन युद्धविराम विकत घ्यायचा नाही. या आग्रहात माणुसकी होती, तसाच शीतयुद्धातील प्रचाराचा हिशेबही होता.

११.
मे १९५२ मध्ये कोजे बेटावरील कैद्यांनी छावणीचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल फ्रान्सिस डॉड यांनाच पकडून ओलीस ठेवले. त्यांची सुटका झाली, पण त्यासाठी अमेरिकन अधिकाऱ्याला असे निवेदन लिहून द्यावे लागले, ज्यातून कैद्यांवरील अत्याचारांची जणू कबुलीच मिळाली. वाटाघाटी या एकाच प्रश्नावर अडल्या आणि आघाडीवर माणसे मरत राहिली. कैद्यांचा निवाडा होईपर्यंत आणखी वर्षभराहून अधिक काळ तोफा धडधडत होत्या.

१२.
कोंडी फोडण्याचा मार्ग भारताकडून आला. व्ही. के. कृष्ण मेनन यांनी मांडलेला ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३ डिसेंबर १९५२ रोजी स्वीकारला. कैद्यांवर परत जाण्यासाठी किंवा न जाण्यासाठी बळाचा वापर होऊ नये आणि तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाने हे काम पाहावे, हा त्याचा गाभा होता. चीन आणि सोव्हिएत संघाने तो तेव्हा झिडकारला. मार्च १९५३ मध्ये स्टालिनचा मृत्यू झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चौ एन-लाय यांनी जवळपास त्याच वाटेने येण्याची तयारी दाखवली.

१३.
८ जून १९५३ रोजी समझोता झाला. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत यांचा आयोग नेमायचा. अध्यक्षपद भारताकडे. पहारा देणारे सैन्य फक्त भारताचे. हे मान्य नसलेले दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी १८ जूनच्या पहाटेपासून स्वतःच्या अखत्यारीत छावण्यांची दारे उघडली आणि सुमारे २७ हजार कोरियन कैदी पसार होऊ दिले. युद्धविराम मोडतो की काय, अशी वेळ आली. अखेर २७ जुलै रोजी त्यावर सह्या झाल्या.

१४.
आयोगाचे अध्यक्ष झाले लेफ्टनंट जनरल थिमय्या आणि ‘कस्टोडियन फोर्स’चे प्रमुख मेजर जनरल थोरात. कोल्हापूर परिसरात जन्मलेले, सँडहर्स्टला शिकलेले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत पराक्रम गाजवलेले थोरात आता अशा मोहिमेवर होते, जिच्यात विजय नावाची गोष्टच नव्हती. सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला. त्यामुळे इंचॉनला जहाजाने आलेल्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरमधून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथील त्यांच्या तळाला नाव पडले ‘हिंद नगर’.

१५.
कैद्यांनी भारतीयांचे स्वागत घोषणांनी आणि दगडांनी केले. भारत साम्यवाद्यांचा हस्तक आहे, असे त्यांच्या मनावर बिंबवण्यात आले होते. २५ सप्टेंबर रोजी चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून धरले. बळाचा वापर केला असता तर शेकडो कैदी मेले असते आणि मेजरही वाचले नसते. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह स्वतः त्या जमावात गेले, बोलणी केली आणि ग्रेवालांना सोडवून बाहेर आणले.

१६.
प्रत्येक वेळी एवढ्यावर निभावले नाही. ऑक्टोबरच्या आरंभी उसळलेल्या दंगलींत भारतीय जवानांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मृत्युमुखी पडले. करारातील कलम ४२ प्रमाणे कैद्यांवर शस्त्र चालवणे हा अगदी टोकाचा उपाय आहे आणि त्यापूर्वी इशारा देणे बंधनकारक आहे. घरी जाऊ इच्छिणाऱ्या काही कैद्यांचे त्यांच्याच सोबत्यांनी खून पाडले. त्यांचा तपास भारतीयांनी हाती घेतला, खटलेही उभे केले, पण मुदत संपेपर्यंत ते पूर्णत्वास गेले नाहीत.

१७.
मुख्य काम होते ‘समजावणी’चे. प्रत्येक कैद्याला तंबूत आणायचे. तेथे त्याच्या देशाचे अधिकारी त्याला परत येण्याविषयी सांगणार. सर्व तटस्थ राष्ट्रांचे प्रतिनिधी ऐकणार. मग दोन दारे : एक घराकडे जाणारे, दुसरे पुन्हा छावणीकडे नेणारे. कित्येक कैदी आत येताच किंचाळत, थुंकत, खुर्च्या भिरकावत. भारतीय जवान त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उभे राहत. एखादा मात्र सारे मुकाट्याने ऐकून घेई आणि एकाएकी घराच्या दाराकडे वळे.

१८.
यासाठी ९० दिवसांची मुदत होती. कैद्यांच्या म्होरक्यांचा बहिष्कार आणि दोन्ही बाजूंची अडवणूक यांमुळे समजावणी प्रत्यक्षात अवघे १० दिवस होऊ शकली. सुमारे तीन हजार कैदीच त्या तंबूपर्यंत पोहोचले. कैद्यांना बळाने तेथे आणावे, असे पोलंड व चेकोस्लोव्हाकियाचे मत होते. स्वीडन व स्वित्झर्लंडचा त्याला ठाम विरोध होता. निर्णायक मत भारताचे असे, त्यामुळे दोन्हीकडचा रोषही भारतावरच येई.

१९.
अखेर २२,६०४ पैकी ६२८ जणांनी मायदेशाची वाट धरली. उत्तरेच्या बाजूनेही ३५९ ‘नाखूश’ कैदी भारतीयांच्या ताब्यात होते. त्यांतील ३४७ जण साम्यवादी देशांतच राहिले : ३२५ कोरियन, २१ अमेरिकन आणि १ ब्रिटिश. प्रगत, लोकशाही देशांतले हे तरुण परत का येत नाहीत, या प्रश्नाने अमेरिकेची झोप उडवली.

२०.
उरलेल्यांचे भवितव्य एका राजकीय परिषदेत ठरायचे होते. ती परिषद भरलीच नाही. त्यांना परस्पर मुक्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे थिमय्यांचे मत होते. म्हणून २० जानेवारी १९५४ पासून प्रत्येकाला त्याच्या मूळ ताबेदाराकडे सोपवण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतींनी त्यांना नागरिक म्हणून मोकळे केले. १४ हजारांहून अधिक चिनी कैदी तैवानला गेले. तेथे २३ जानेवारी हा पुढे ‘स्वातंत्र्यदिन’ म्हणून पाळला जाऊ लागला.

२१.
या आकड्यांचा अर्थ काय लावायचा? तैवानने त्यांत साम्यवादाचा पराभव पाहिला, चीनने अपहरण. भारतीय अधिकाऱ्यांना दिसलेले चित्र अधिक अस्वस्थ करणारे होते. कुंपणाच्या आत संघटित दहशत होती आणि अनेकांना स्वतःची इच्छा उच्चारण्याची संधीच मिळाली नव्हती. त्याचबरोबर परत गेल्यास सर्वनाश होईल, ही शेकडोंची भीती पूर्णतः खरी होती. चीनला परतलेल्या हजारो कैद्यांना पुढे संशय, चौकशी आणि अवहेलना सोसावी लागलीच. एकाच बराकीत शेजारी झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचा नकार मनापासूनचा असेल आणि दुसऱ्याचा सुऱ्याच्या धाकाने दिलेला. वहीत मात्र दोघांची नोंद सारखीच झाली.

२२.
८८ कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या : ७६ कोरियन आणि १२ चिनी. तटस्थ देशात जायचे आहे, असे त्यांनी सांगितले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये ते भारतीय जवानांसोबत जहाजाने निघाले. त्यांतील बरेच जण पुढे ब्राझील व अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतातच स्थिरावले. कोरियन लेखक चोई इन-हून यांनी १९६० मध्ये लिहिलेल्या ‘चौक’ या कादंबरीचा नायक असाच भारताकडे निघालेला कैदी आहे. दोन्ही कोरिया नाकारणाऱ्या या तरुणाचा प्रवास समुद्रातच संपतो.

२३.
कलम ११८ चा मजकूर आजही १९४९ चाच आहे. बदलला तो त्याचा अर्थ. ज्या कैद्याला परतल्यास छळाचा खरा धोका आहे, त्याला बळाने पाठवू नये, असे आता रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती मानते. १९९१ च्या आखाती युद्धानंतर हजारो इराकी कैद्यांनी परतण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना सौदी अरेबियात निर्वासित म्हणून राहू देण्यात आले. त्याआधी प्रत्येकाला एकट्याने, सोबत्यांच्या कानाआड विचारण्याची पद्धत आता रूढ आहे.

२४.
ही पद्धत किती महत्त्वाची आहे, हे कोरियातील तंबूंनी दाखवून दिले. भारतीय जवानांना तेथे ना लढाई जिंकायची होती, ना भूमी घ्यायची होती. दगड झेलत, कमीत कमी रक्त सांडून, एकेका माणसाला दोन दारांपुढे काही क्षण निर्भयपणे उभे करायचे, एवढेच त्यांचे काम होते. २२ हजारांपैकी मोजक्यांच्याच बाबतीत ते साधले. त्या मोजक्यांत एका रात्री काळोखात तारांवरून उडी मारून भारतीय पहारेकऱ्यांकडे धावत आलेले आणि ‘घरी जायचे आहे’ एवढेच सांगू शकलेले कैदीही होते.