तीव्र आंत्रपुच्छदाहाचे निदान
तीव्र आंत्रपुच्छदाह किंवा अपेंडिसाइटिस म्हणजे अंधांत्राला जोडलेल्या आंत्रपुच्छाचा अचानक उद्भवणारा दाह होय. वेदना प्रथम बेंबीभोवती जाणवते, नंतर पोटाच्या उजव्या खालच्या भागात स्थिरावते. चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये वर्णिलेल्या बिंदूवर दाबल्यास ती तीव्र होते. आंत्रपुच्छ श्रोणीत उतरलेले असल्यास मात्र पोटावर दाबूनही फारसे दुखत नाही, जुलाब किंवा लघवीची जळजळ होते आणि निदान भरकटते.

स्त्रियांमध्ये श्रोणिदाहाशी गल्लत विशेष होते. दोन्ही बाजूंची वेदना व योनिस्राव श्रोणिदाह सुचवितात. गर्भाशयमुख हलविताना होणारी वेदना दोन्ही विकारांत आढळू शकते, म्हणून तेवढ्यावर विसंबता येत नाही. अस्थानी गर्भाची शक्यता पडताळण्यासाठी गर्भचाचणी आवश्यक ठरते.

पिनवर्म हे दोऱ्यासारखे जंत काढलेल्या आंत्रपुच्छात, कधी दाहाविनाही, सापडतात. अमीबामुळे अंधांत्र सुजल्यासही असेच चित्र दिसते. शौचात जंत आढळले, एवढ्याने आंत्रपुच्छदाह नाकारता येत नाही.

पालघर तालुक्यातील सफाळ्यासारख्या गावात रात्री सोनोग्राफी उपलब्ध नसल्यास काही तासांच्या अंतराने पोट पुन्हा तपासणे व वेळीच मोठ्या रुग्णालयात हलविणे महत्त्वाचे ठरते. दुखणे एकाएकी ओसरणे हे बरे होण्याचेच लक्षण नसते. आंत्रपुच्छ फुटल्यावरही काही काळ असा आराम पडतो.